गरम आहे, हात लावू नये

या अंकाचे संपादक त्यांची स्कूटर ढकलत आमच्या गॅरेजमध्ये आले होते. स्कूटर मी चालू करून दिली आणि वर तिचा आवाजही तोंडानं काढून दाखवला. आधीचा खोकल्याचा आणि नंतरचा बरा झाल्याचा. ते हसले आणि म्हणाले, "तुमच्या कामाचे अनुभव लिहा आमच्यासाठी."

मी म्हटलं, "साहेब, असले लेख रिटायर माणसं लिहितात. त्यांच्याकडं पेन्शन असते, कानटोपी असते आणि 'आमच्या वेळी असं नव्हतं' असतं. मी आत्ता कुठं तिशीत आलोय."

"बरंच आहे की," ते म्हणाले. "स्वतःची थोरवी गायला अजून सवड मिळाली नसेल."

सवड मिळाली होती. साहित्य मिळालं नव्हतं.

तर मी दिगंबर, गॅरेजमधला दिगू. गाव इंदापूरकडचं. शाळा तिथलीच. शाळेत मी अभ्यास सोडून सगळ्या मास्तरांच्या नकला केल्या. हेडमास्तरांचा आवाज तर असा बसला होता, की एकदा वर्गाबाहेरून मी त्यांच्यासारखं "बसा खाली!" म्हटलं तर आतले गणिताचे मास्तरसुद्धा बसले. मॅट्रिकला गणितात काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. मग मामानं उचलून चिंचवडला आणलं आणि हायवेच्या कडेला अण्णांच्या गॅरेजमध्ये चिकटवून दिलं.

अण्णा आमचे मालक. बोलणं कमी. राग आला की नाकाचा शेंडा चोळायचा, आनंद झाला तरी तोच चोळायचा. कुठलं चोळणं आहे हे ओळखायला मला दोन वर्षं लागली.

आता धंद्याचं थोडं सांगतो. तुमच्यापैकी ज्यांच्याकडं मोटार नाही, म्हणजे बहुतेक सगळेच, त्यांच्यासाठी. इंजिन चाललं की तापतं. ते वितळून जाऊ नये म्हणून त्याच्या पोटातून पाणी फिरवतात. एक पंप ते पाणी इंजिनात ढकलतो, पाणी इंजिनाची उष्णता घेतं, वरच्या जाड रबरी नळीतून पुढच्या रेडिएटरमध्ये येतं, तिथं वाऱ्यानं निवतं आणि खालच्या नळीतून पुन्हा पंपाकडं जातं. दिवसभर हेच. सून जशी विहीर ते स्वैपाकघर करते तसं.

भानगड अशी की हे पाणी साधं नसतं. आपल्याकडं गाडीत विहिरीचं, ओढ्याचं, जिथं मिळेल तिथलं पाणी ओततात. त्यात क्षार. इंजिन लोखंडी, म्हणून गंज. शिवाय इंजिन वाळूच्या साच्यात ओतताना त्याच्या पोटात बारीक वाळू राहते, ती वर्षानुवर्षं सुटत असते. हा सगळा गाळ रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. नळ्या काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोड्या रुंद. त्या तुंबल्या की पाणी निवत नाही आणि गाडी उकळते.

त्यात आमची गिऱ्हाइकं. रेडिएटर गळायला लागला की लोक त्यात हळद टाकतात. गळती थांबते, खोटं नाही. पण चिमूटभर टाकायची ती वस्तू काळेवाडीच्या एका टेम्पोवाल्यानं बायकोचा अख्खा डबा रिकामा करून टाकली. गाडी उकळली तेव्हा वाफेला पिठल्याचा वास येत होता. मी झाकण उघडून म्हटलं, "वहिनींना विचारा, मीठ कधी टाकायचंय." त्यानं पाना उचलला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाच्या हातात काय आहे ते बघूनच विनोद करतो.

पण सांगायचंय ते किसनरावांचं.

किसनराव चऱ्होलीचे. दहा-बारा वर्षं दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, मग स्वतःची एक जुनी बस घेतली. पिंपरीच्या एका कंपनीच्या कामगारांना पहिल्या पाळीला आणायचं आणि सुट्टी झाली की सोडायचं, हा त्यांचा धंदा. बस एकच, कंत्राट एकच, घर त्यावरच. आणि ती बस उकळायची. इतकी की कामगार तिला 'चहाची गाडी' म्हणायचे.

कंपनीत गाड्यांचं बघायला कर्णिक साहेब होते. उंच, सडपातळ, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला बांधलेलं. बोलणं नाकात, आणि दर तीन शब्दांनी थांबणं. एकदा बस आळंदी रस्त्यावर वाफ काढत उभी राहिली आणि अख्खी पाळी चालत कामावर गेली. त्या दिवशी कर्णिक साहेबांनी किसनरावांना बोलावून सांगितलं, "आणखी एकदा गाडी... रस्त्यात बसली... तर कंत्राट दुसऱ्याला."

किसनराव तिथून थेट आमच्याकडं आले. खाली बसले. चहा घेतला नाही. मला म्हणाले, "दिगू, तू नकला करतो, लोकं हसत्यात, झ्याक हाय. पन माजी गाडी नीट कर बाबा. न्हाईतर परत दुसऱ्याच्या ट्रकवर बसावं लागंल. ह्या वयात मालकाच्या शिव्या पचत न्हाईत."

अण्णांनी नाक चोळलं. रागाचंही नाही, आनंदाचंही नाही, तिसरंच. म्हणाले, "फिल्टर लावू."

अण्णांनी खडकीला एका परदेशी मशीनवर तो बघितला होता. इंजिनाच्या बाजूला एक डबा. फिरणाऱ्या पाण्यातलं थोडंसं पाणी एका नळीनं या डब्यात वळवायचं, आतल्या कापडातून गाळायचं आणि दुसऱ्या नळीनं परत सोडायचं. मुख्य पाणी आपल्या वाटेनं जात राहतं, हे थोडं थोडं आडवाटेनं गाळून येतं. असं करत दोन-चार दिवसांत सगळंच पाणी गाळून होतं. मधे कापड बदलायचं तर दोन्ही नळ्यांचे कॉक बंद करायचे, गाडीचं पाणी सांडत नाही. इतकं सुटसुटीत.

कासारवाडीच्या भंगारातून एक जुना डबा आणला. लेथवर आमचा मिलिंद होता. पिंपरीच्या कॉलनीतला, वडील फाउंड्रीत. मिलिंदला विनोद कळायचा, पण तो हसून त्याला उत्तेजन द्यायचा नाही. त्यानं डब्याला झाकण, कॉक आणि इंग्रजी टी अक्षरासारखे दोन फाटे करून दिले, घड्याळजीनं करावेत तसे. आत फ्लॅनेलची घट्ट गुंडाळी बसवली.

बसवायचं काम माझ्याकडं. अण्णांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन होतं, ते आठवडाभर यायचे नव्हते. जाताना म्हणाले, "जमेल?"

आता माझे वडील पाटकरी. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं, कुठलं दार किती उचलायचं, हे बघणारे. लहानपणापासून मी पाटाच्या कडेनं वाढलेला. मी छाती काढून म्हटलं, "अण्णा, पाणी वळवायचंय ना? आमच्या घरात दुसरं कामच नाही."

आणि मी ते पाटासारखंच वळवलं. पाटाला वरच्या अंगाला एक तोंड पाडलं, चारी काढली, रानातून फिरवली आणि खालच्या अंगाला परत पाटात सोडली की पाणी आपसूक वळतं. इथं पाट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडं येणारी ती वरची जाड नळी. ती कापून मी एक फाटा अलीकडं बसवला, एक वीतभर पलीकडं. मधे डबा. मिलिंद म्हणाला, "दोन्ही एकाच नळीवर?"

मी म्हटलं, "पाण्याला रस्ता दाखवायचा असतो, मिलिंद. बाकी ते स्वतः करतं."

ह्या वाक्यावर मी स्वतःच इतका खूश झालो की पुढं बघितलंच नाही.

या बसचं इंजिन आत, ड्रायव्हरच्या शेजारी, झाकणाखाली. डबा खरं तर खाली कुठंतरी लावायचा. पण खाली लावला तर दिसणार कुणाला? मी तो ड्रायव्हरच्या पायाशी झाकणाबाहेर उभा केला, बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. त्याला लालभडक रंग दिला. आणि उकळतं पाणी जाणार, कुणी भाजायला नको, म्हणून पांढऱ्या ऑइलपेंटनं वळणदार अक्षरांत लिहिलं, 'गरम आहे, हात लावू नये'. अक्षर माझं चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचो.

सोबत रेडिएटर उतरवून, नळ्यांत सळ्या घालून तो साफ केला होता. परिणाम असा की बस उकळायची बंद झाली. कामगार डब्याकडं बोट दाखवायचे. किसनरावांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मी गॅरेजमध्ये चालताना हात मागं बांधायला लागलो. रेडिएटर साफ केल्यामुळं गाडी थंड आहे, हे कुणाच्या मनातही आलं नाही. रेडिएटरला लाल रंग नव्हता ना.

महिन्याभरानं अण्णांनी डबा उघडायला लावला. गाडी सकाळची थंडच होती, गरम असताना कोण उघडतंय. आत फ्लॅनेल पांढरंशुभ्र.

मिलिंद म्हणाला, "कापड पांढरं कसं?"

"पाणी स्वच्छ आहे म्हणून."

"मग फिल्टर कशाला लावलाय?"

"पाणी स्वच्छ राहावं म्हणून."

"बाबा सांगतात, ओतकामाची वाळू पाच-पाच वर्षं निघते. ती कुठं गेली?"

"तुझ्या बाबांना म्हणावं, वाळूला पण रिटायरमेंट असते."

मिलिंदनं फ्लॅनेल अण्णांसमोर धरलं. अण्णांनी एका डोळ्यानं फ्लॅनेल बघितलं, दुसऱ्यावर अजून हिरवी पट्टी होती, आणि म्हणाले, "बघू." पण बस चालत होती. चालणाऱ्या गाडीला प्रश्न विचारायला आमच्या धंद्यात कुणाला वेळ नसतो.

आणखी दोन महिने गेले. कंपनीची सहल निघाली. पहिल्या पाळीचे कामगार, त्यांच्या बायका, पोरं. हडपसरवरून दिवे घाट चढून सासवड, तिथून जेजुरी. कर्णिक साहेब स्वतः बरोबर. त्यांनी किसनरावांना सांगितलं, "तुमचीच गाडी न्या. घाट नीट चढली... तर पुढच्या वर्षाचं... कंत्राट तुमचं." त्याचा उलटा अर्थ सांगायची गरज नव्हती.

किसनरावांनी मला विचारलं, "दिगू, घाटात दगा न्हाई ना देनार?"

मी म्हटलं, "बिनधास्त न्या. फिल्टर आहे."

आणि मलाही बोलावणं होतं. गाडीसाठी नाही. मी त्यांच्या गणपतीत नकला केल्या होत्या, म्हणून करमणुकीसाठी. मी नवी टेरिकॉटची पॅन्ट घातली, पांढरी. मेकॅनिकनं पांढरी पॅन्ट घातली की समजावं, आज त्याचा काम करायचा विचार नाही.

घाटाच्या पायथ्याला वडकीत गाडी थांबली. झाडाखाली सतरंज्या पडल्या, न्याहारीचे डबे उघडले. किसनराव रोज पाळी सोडून घरी जाऊन जेवणारे, त्यामुळं गाडीत डबा आणायची त्यांची ही पहिलीच वेळ. बरेच ड्रायव्हर इंजिनावर डबा ठेवून भाजी गरम करतात. किसनरावांनी विचार केला, इंजिनाच्या झाकणावर गोधडी आहे, त्यापेक्षा हा फिल्टर बरा, उकळतं पाणी जातंय. म्हणून त्यांनी चऱ्होलीतून निघतानाच ॲल्युमिनियमचा डबा फडक्यानं त्या लाल डब्याला घट्ट बांधला होता. तो सोडून त्यांनी वांग्याची भाजी तोंडात घातली आणि सगळ्यांसमोर ओरडले, "आरं दिगू! तुज्या फिल्टरनं भाजी तापली न्हाई की रं! गारढोण हाय! नुसतं गरम हाय म्हनून ल्हिवून ठेवलंय!"

लोक हसले. मला आयतं मिळालं. मी उठलो, खांद्यावर टॉवेल टाकला आणि किसनरावांची नक्कल सुरू केली. "आरं, वांगं गार हाय की रं!" बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग मी कर्णिक साहेब झालो, नाकात. "वांगं... वेळेवर... तापलं पाहिजे." साहेब सतरंजीच्या टोकाला बसले होते. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. पोरं लोळायला लागली. मला चढली. आता कोण उरलं? फिल्टर. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्यासारखा गुडघे वाकवून बसलो, डोळे अर्धे मिटले आणि कचेरीतल्या साहेबासारखा बोलायला लागलो. "मी फिल्टर. माझी नेमणूक गाळ अडवायला. समोरच्या नळीतून पाणी येतं, माझ्याकडं बघतं आणि सरळ निघून जातं. तीन महिने झाले, माझ्याकडं कुणी आलंच नाही. कपडे बघा, अजून पांढरे. मी आपला थंड."

आणि पुढचं वाक्य बोलायच्या ऐवजी मी आधीचंच मनात पुन्हा म्हटलं.

माझ्याकडं कुणी आलंच नाही. कपडे पांढरे. मी थंड.

तेव्हा, वाकलेल्या गुडघ्यांवर, मला ते कळलं. पाटातलं पाणी उतारानं वळतं. वरचं तोंड उंच, खालचं सखल, म्हणून ते चारीत शिरतं. पण नळी असते काठोकाठ भरलेली आणि दाबाखाली. एकाच नळीवर वीतभर अंतरानं दोन भोकं पाडली तर दोन्हीकडं दाब सारखाच. दाराला दोन्ही बाजूंनी दोघं सारख्याच जोरानं रेटतायत, दार हलणार कशाला? माझ्या डब्यातलं पाणी पहिल्या दिवशी जे भरलं होतं, तेच तिथं बसून होतं. एक नळी पंप जिथं ढकलतो तिथं हवी होती आणि दुसरी जिथं तो ओढतो तिथं, खालच्या बाजूला. म्हणजे तीन महिन्यांचा गाळ कुठं गेला? रेडिएटरमध्ये. आणि समोर दिवे घाट, गाडीत बायकापोरं.

मी सरळ उभा राहिलो आणि म्हटलं, "गाडी घाटात नेऊ नका. फिल्टर चालत नाहीये."

हशा.

"अहो खरंच. गाडी उकळेल वर."

आणखी मोठा हशा. एक बाई म्हणाल्या, "किती हुबेहूब घाबरतोय बघा!" त्यांच्या पोरानं टाळी वाजवली. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "आईची शपथ!" तर मागून कुणीतरी ओरडलं, "वन्समोर!"

तुम्ही कधी खरं बोलायला गेलात आणि लोकांनी वन्समोर दिलाय का? मी आयुष्यभर ज्यासाठी धडपडलो ते मला त्या दिवशी मिळालं आणि मला रडायला यायचं बाकी होतं.

मी किसनरावांचा हात धरून त्यांना ओढत बसमध्ये नेलं. तेही हसत होते. "आरं सोड की, वांगं तरी खाऊ दे."

"हात लावा."

"गरम हाय म्हनून तूच ल्हिवलंय."

"लावा हो!"

त्यांनी बोटानं लावला. मग पंजानं. मग दोन्ही हातांनी तो लाल डबा धरून ठेवला. त्यांचं हसणं हळूहळू गेलं. शेजारी इंजिनाचं झाकण उचललं तर धग तोंडावर येत होती.

"ह्ये तर माठावानी हाय," ते म्हणाले. मग हात तसेच ठेवून, "म्हनून आज गरमीचा काटा वर हाय व्हय. मी म्हनलं, ऊन लागलं आसंल." आणि मग, "म्हंजी तीन महिनं मी ह्येची पूजा करतोय?"

 ह्याला उत्तर द्यायला स्वतःचा आवाज लागतो, आणि माझ्याकडं होते ते सगळे दुसऱ्यांचे.

त्यांनी शिवी दिली नाही. तेच लागलं. सीटवर बसून स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि काचेतून घाटाकडं बघत राहिले. "उकळली तर कंत्राट गेलं. हितंच थांबलो तर उशीर हुतोय, म्हंजी तरी गेलंच." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि उतरले, थेट कर्णिक साहेबांकडं.

"साहेब, तासभर द्या. रेडिएटर धुवायचा हाय. आत्ता घाट चढवा म्हनला तर चावी घ्या, दुसरा डायवर बघा. पोरंबाळं घिऊन मी वर उकळायला जानार न्हाई."

साहेबांनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं. "जेजुरीला पंगत... बाराला आहे. चूक कुणाची?"

"गाडी माजी हाय. चूक माजी."

मी हात वर केला. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारल्यावर कधी केला नव्हता. "साहेब, माझी. नळी चुकीच्या जागी लावली."

साहेब माझ्याकडं बघत म्हणाले, "हे नाटक... नाही ना?"

"नाही साहेब."

"कशावरून?"

मी पांढऱ्या पॅन्टकडं बघितलं आणि बसच्या खाली धुळीत आडवा झालो. साहेब म्हणाले, "ठीक आहे. तासभर."

इंजिन निवेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते तडकतं. तेवढ्यात किसनराव शेजारच्या मळ्यात गेले. तिथं विहिरीवर मोटार चालू होती आणि एक म्हातारेबुवा कांद्याला पाणी देत होते. त्यांनी काही न विचारता पंपाचा लांब पाइप आमच्याकडं वळवला. मी वरची आणि खालची नळी सोडली, पाइप रेडिएटरच्या खालच्या तोंडाला चिंध्या गुंडाळून धरला आणि पाणी उलटं सोडलं. रोज वरून खाली जातं, त्या दिवशी खालून वर. आधी काहीच नाही. मग घरंगळल्यासारखा आवाज झाला आणि वरच्या तोंडातून विटकरी रंगाची धार उडाली, ती थेट माझ्या छातीवर. गंज, चुना, वाळू, सगळा चिखल. म्हातारेबुवा वाकून बघत म्हणाले, "ह्या गाडीनं काय माती खाल्लीय काय?"

किसनराव म्हणाले, "न्हाई बाबा. माती ह्यानं खाल्लीय."

त्यांची पहिली कोटी. माझ्यावर झालेली, पण मला हायसं वाटलं. माणूस टोमणे मारतोय म्हणजे अजून आपल्याशी संबंध ठेवून आहे.

एव्हाना सगळी सहल भोवती जमली होती. धार हळूहळू गढूळ, मग पिवळसर, मग निवळ झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नळ्या जोडल्या, पाणी भरलं. फिल्टरचे दोन्ही कॉक बंद करून टाकले. तो आधी जे करत होता तेच आता अधिकृतपणे करायला लागला. खालच्या बाजूला नवा फाटा बसवायला तिथं सामान नव्हतं. ते काम मी पुढच्या आठवड्यात केलं, पोटावर झोपून, आणि त्यानंतर आजवर जेवढे फिल्टर बसवले त्यातल्या प्रत्येकावर गाडी चालू असताना आधी पंजा ठेवला. भाजलं तर बरं वाटतं. तळहाताला दोन डाग आहेत, बायकोला ते चुलीचे सांगितलेत.

पण ते नंतरचं. आत्ता घाट.

किसनराव गाडीत बसले. मी त्यांच्या शेजारी इंजिनाच्या झाकणाला टेकून उभा, कपाळापासून बुटापर्यंत विटकरी. मागं पोरं ओरडत होती, "काका, नक्कल करा ना! काका, फिल्टर करा!" मी मागं वळलोही नाही. गाडी पहिल्या गियरमध्ये घोगऱ्या आवाजात चढायला लागली. पहिलं वळण गेलं. काटा मधोमध. दुसरं गेलं. काटा किंचित सरकला. कडेला एक ट्रक झाकण उघडून वाफ सोडत उभा होता. त्याचा ड्रायव्हर दगडावर बसून विडी ओढत होता. किसनरावांनी त्याच्याकडं बघितलं नाही. मी बघितलं, आणि लगेच नजर वळवली.

वर उतार आणखी उभा झाला. काटा तांबड्या पट्ट्याच्या जवळ गेला आणि तिथं थांबला. किसनरावांच्या मानेवरून घाम वाहत होता. दर दोन क्षणांनी त्यांची नजर रस्त्यावरून काट्यावर, काट्यावरून रस्त्यावर. एका बाजूला दरी होती.

"दिगू," ते हळूच म्हणाले, "बोल की कायतरी."

"काय बोलू?"

"कायबी. तू गप हाईस म्हनून मला जास्त भ्या वाटतंय."

 कुठलाच आवाज हाताशी येईना. मग कसा कोण जाणे, एक आला. नाकातला, दर तीन शब्दांनी थांबणारा. मी म्हटलं, "किसनराव... काट्याकडे बघू नका. रस्त्याकडे बघा. काट्याचं... आम्ही बघू."

माझ्या मागून, अगदी कानाशी, तोच आवाज आला. "बरोबर. तुम्ही रस्त्याकडे बघा... किसनराव. काटा मी... बघतो."

मी वळलो. कर्णिक साहेब माझ्या पाठीशी उभे होते. कधी आले होते कुणास ठाऊक. एका हातानं वरचा दांडा धरून ते माझ्या खांद्यावरून वाकले आणि नजर काट्यावर लावली. ती वरपर्यंत काढली नाही. किसनरावांनी एकदा मान हलवली आणि नंतर काट्याकडं पुन्हा बघितलं नाही. मी मधे चेपलेला, माझा चिखल साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टाला लागत होता. शेवटच्या वळणावर गाडी गचके खायला लागली. किसनरावांनी दात आवळून गियर धरून ठेवला. मग एकदम समोर सपाट रस्ता आला. उघडं माळरान, वारा आत घुसला आणि काटा थरथरत खाली यायला लागला.

साहेब सरळ उभे राहिले. घड्याळ बघितलं. "पंगतीला... उशीर होईल," ते म्हणाले. "पण सोमवारी पहिल्या पाळीला... होऊ देऊ नका. पुढचं वर्षभर."

किसनरावांनी नुसतं "व्हय साहेब" म्हटलं.  डोळे पुसायला त्यांनी टॉवेल घेतला आणि घाम पुसतोय असं दाखवलं, ते मात्र त्यांना मुळीच जमलं नाही.

साहेब मागं आपल्या जागेवर जायला वळले, दोन पावलं गेले आणि परत आले. माझ्याकडं वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तुम्ही करता ती नक्कल... ठीक आहे. पण माझा आवाज... एवढा नाकात नाही."

आहे. पण तोंड उघडायच्या आधी मी किसनरावांकडं बघितलं, आणि म्हटलं, "नाही साहेब. चुकलंच माझं."